समोर जागा सोड

लालबाग, बऱ्हाणपूर
२५ ऑक्टोबर

पूर्णिमा,

चिरंजीव लिहावं, सौभाग्यवती लिहावं की सरळ भांडायला सुरुवात करावी, हे ठरेना. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. पत्ता आईने दिला. तिच्यावर चिडू नकोस. भाऊबीजेला ती आली होती, तेव्हा स्वयंपाकघरात गाठून मीच तो तिच्याकडून काढून घेतला.

खुशाली विचारायला लिहीत नाहीये. माझं एक काम अडलंय.

माझ्या धाकट्या दिराचं, चेतनचं, लग्न ठरलंय. तीस नोव्हेंबरला. मुलगी नेपानगरची, प्रियंका नाव. वडील पेपर मिलमधून रिटायर झालेले, ती शाळेत चित्रकला शिकवते. सासूबाईंनी फर्मान काढलंय की दाराजवळच्या भिंतीवरची वरात या वेळी हातानेच रंगवायची, फ्लेक्स लावायचा नाही. "निंबा पेंटरची लेक घरात असताना आपण फ्लेक्स लावायचा का वं? लोक काय म्हणतील?" लोकांची काळजी या घरात माझ्यापेक्षा जास्त घेतात. मी हो म्हणून बसले.

आता पंचाईत ऐक. मला हत्ती चालवता येत नाही. रद्दी पेपरवर कोळशाने काढून बघितला. चार पाय आहेत, सोंड आहे, झूल आहे, वर अंबारी आहे, आणि हत्ती ढिम्म उभा. बँकेत पासबुक भरायला आल्यासारखा.

बाबांच्या हाताखाली रेघ तू काढायचीस आणि रंग मी भरायची. "थोरली भरते झकास, पण पाय धाकटीच्या हातात आहेत," असं बाबा आपल्या सगळ्या चांदनी गावाला सांगत सुटायचे. मला तेव्हाही राग यायचा, आताही आठवून येतोय. पण बाबा गेले, आणि हे विचारायला तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तर हत्ती चालता कसा करतात, तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

एवढ्यावर थांबणार होते. नाही थांबवत.

जैनाबादचं सासर सोडून तू तापी ओलांडून गेलीस, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तू गेलीस आणि इकडे माझ्यावर पहारा बसला. मारहाण नाही, शिव्या नाहीत, उपाशी ठेवणं नाही. तसं काही असतं तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं. इथे फक्त "कुठे निघाली?" असतं. भाजी दारावर येते. ब्लाऊजचं माप घ्यायला बाई घरी येते. देवळात सासूबाई सोबत. माहेरी जायचं तर तुझे भूपेंद्र भावोजी सोबत, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मूलबाळ नाही, त्यामुळे "तुला बाहेर काय काम?" हे विचारायला सगळ्यांना आणखी सोपं जातं. मोबाइल आहे, पण त्यात कुणाचा फोन आला, कुणाला गेला, ते भूपेंद्र रोज हसत हसत बघतात. हसत हसत, हे लक्षात घे. "एक बहीण गेली, दुसरीचं काय सांगावं," हे मी चहा ओतताना ऐकलंय आणि चहा सांडू दिला नाही. तू सुटलीस, पुनी, आणि तुझी शिक्षा मी भोगतेय. हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

उत्तर इथे पाठवू नकोस, आईकडे पाठव. आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे बऱ्हाणपूरला येते आणि जाताना मला भेटून जाते, हे पत्रही तीच टपालात टाकेल. तिचे डोळे ठणठणीत आहेत, हे तुला म्हणून सांगते. सासूबाई दर वेळी "बिचारीचे डोळे, माय" म्हणतात आणि तिला हलवा बांधून देतात. आई तो गाडीत बसून खाते.

प्रतिभा


लालबाग
८ नोव्हेंबर

पुनी,

तुझं उत्तर आईने शेवयांच्या डब्यात तळाशी घालून आणलं. अर्धं पान! मी एवढी जीव तोडून भांडले आणि तू अर्धं पान लिहिलंस.

पण लिहिलंस ते कामाचं. आधी ठरव, वजन कोणत्या पायावर आहे. तो पाय ताठ, बाकीचे सैल. उचललेल्या पायाची सावली पायाला चिकटू देऊ नकोस, मध्ये फट ठेव. गळ्यातली घंटा मागे कललेली, झुलीचा काठ मागे उडालेला. आणि समोर जागा सोड. चालणाऱ्याच्या पुढे जागा नसली तर तो चालत नाही, अडकतो. झालं की मागे सरून बघ, जवळून काही कळत नाही. वाचताना बाबांचा आवाज कानात आला. तू त्यांचं वाक्य न वाक्य जपून ठेवलंयस, आणि मी त्यांचा फक्त फोटो.

तू नाशिकला ट्रॅव्हल्सच्या बसवर पट्टे काढतेस, हे आई मला कधी बोललीच नव्हती. पुढे जाड आणि मागे निमुळते होत गेलेले पट्टे, म्हणजे गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटावं. वाचून मोठ्याने हसले. आमच्या गच्चीवरून स्टेशनजवळ उभ्या असलेल्या बस दिसतात. कपडे वाळत घालताना मला रोज वाटायचं, ही निघालीच आता. टॉवेल, चादरी, सगळं वाळत घालून व्हायचं आणि बस तिथल्या तिथेच. त्यातली एखादी तुझ्या हातची असेल तर तू मला चांगलंच बनवलंस.

आणि शेवटी ती ओळ. "ताई, तू स्वतः शेवटची कधी चाललीस? कुणी सोबत नसताना?" हा काय प्रश्न झाला? मी हत्तीचं विचारलं होतं! पत्र पुन्हा शेवयांत कोंबलं आणि दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. उत्तर मला आठवेना, म्हणून जास्त राग आला.

मग भिंत खरवडायला घेतली. आधी निळा ऑइल पेंट, त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, त्याखाली चुना, आणि चुन्याखाली बाबा. माझ्याच लग्नाची वरात, गेरूच्या रेघेत. घोड्याच्या कानांवरून ओळखलं. बाबांच्या घोड्याचे कान मागे वळलेले असायचे बघ, "वाजंत्री मागे आहे, ऐकतोय तो," म्हणायचे. हत्ती, दोन घोडे, पालखी, सनईवाला, छत्री धरलेला माणूस, सगळ्यांची तोंडं दाराकडे. मुलाचं घर असेल तर तोंड दाराकडे, मुलीचं घर असेल तर पाठ दाराकडे. इथे सून येतेय की लेक चाललीय, हे रस्त्याने जाणाऱ्याला विचारावं लागू नये, एवढ्यासाठी बाबा कितीदा रेघ पुसायला लावायचे. मी त्या घोड्यावर हात ठेवून भर गल्लीत रडले. सासूबाई म्हणाल्या, "चुना डोळ्यात गेला असेल."

आता गंमत सांगते. भिंत बाहेरून रंगवावी लागते.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. स्वयंपाक उरकला की मी बाहेर. चहापुरती आत, की पुन्हा बाहेर. समोर पिठाची गिरणी आहे, तिथे बायका येतात. केळीचे टेम्पो जातात. "वाह वहिनी, मस्त चालू आहे," म्हणत लोक थांबतात. मी रस्त्यावर उभी आणि कुणी "कुठे निघाली?" विचारत नाही. म्हणून मी काम लांबवतेय. हत्तीचं एकेक नख वेगळं काढलं. झुलीवर बुट्टे, बुट्ट्यांत ठिपके. सासूबाई खुर्ची टाकून दारात बसतात. त्या म्हणाल्या, "एवढं बारीक काय करी राहिली वं? कोण बघणार?" मी म्हटलं, सून बघेल.

हत्ती अजून ढिम्मच आहे. तुझं सगळं केलं, पण समोर जागाच नाही. दाराच्या अलीकडे विजेचा मीटर आहे, तो थेट मीटरवर जाऊन आदळतोय. जी हातभर जागा उरली तिथे "शुभविवाह आणि दोघांची नावं लिही, रिकामं बरं दिसत नाही," असं हे म्हणतात. यांना रिकामी जागा बघवतच नाही. काहीतरी सुचव. आणि या वेळी पूर्ण पान लिही.

तुझी ताई


लालबाग
१७ नोव्हेंबर

पुनी,

हत्ती चालला!

मीटरवरून फुलांची कमान नेली, त्यात मीटर लपला. हत्ती पुसून दोन हात मागे पुन्हा काढला, नावं दाराच्या माथ्यावर नेली. रिकाम्या जागेसाठी यांना सांगितलं की तिथून सून पाऊल टाकेल, अक्षरं पायाखाली येतील, पाप लागेल. लगेच पटलं. काल गिरणीवर एक चिमुरडी आईचा पदर ओढत म्हणाली, "मम्मी, हट ना, हाथी आ रहा है." मला एवढा आनंद झाला की तिला आत नेऊन लाडू दिला.

आता तुझ्या पत्राचं. तीन पानं लिहिलीस, आणि मी ती गच्चीवर उभ्याने वाचली.

तुझ्या जैनाबादच्या भिंतीवर बाबांनी हत्तीच्या पायाशी एक वासरू काढलं होतं, तोंड बाहेर. म्हातारपणी हात चुकला, असं बाबा हसत सांगायचे. तू गेल्यावर तिकडच्यांनी "बापानेच पोरीला वाट काढून दिली" असा बोभाटा केला, आणि माझ्या सासूबाई अजून ते ऐकवतात. मी कायम चूकच समजत आले. आज तू लिहितेस की साखरपुड्याला त्या घरात मागच्या खोलीला बाहेरून कडी असलेली बाबांनी पाहिली. विचारलं तर कुणीतरी हसून म्हणालं, "नवी सून असली की लागते." बाबांनी बैठकीत शब्द दिलेला होता, तो त्यांनी मोडला नाही आणि वासरू काढलं. माप ओलांडताना तुला ते दिसलं आणि तिथेच सगळं कळलं. पुढे खरंच तुझ्यावर कडी लागायला लागली, तेव्हा भांडी घासायला बाहेर आलीस की ते दिसायचं. "बाबांनी तोंडाने सांगितलं असतं तर मी आत गेलेच नसते," असं तू लिहिलंस. बरोबर आहे तुझं. मला बाबांचा एवढा राग कधी आला नव्हता.

पण त्याआधी, खरं सांगू, मला तुझा हेवा वाटला. कारण माझी भिंत मीच खरवडली होती आणि एकूणएक चित्र पाहिलं होतं. एकही तोंड बाहेर नव्हतं, पुनी. वासरू नाही, मांजर नाही, चिमणीसुद्धा नाही. बाबांना हे घर चांगलं वाटलं. त्यांचं चुकलंही नाही म्हणा, इथे कुठल्याच खोलीला बाहेरून कडी नाही. दार दिवसभर सताड उघडं असतं, आणि मी इतकी वर्षं त्या उघड्या दारातून बाहेर बघत बसलेय. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

आता खरी अडचण ऐक. प्रियंकाला या सगळ्यांनी शब्द दिलाय की लग्नानंतर शाळेची नोकरी चालू राहील, रोज गाडीने नेपानगरला जा-ये कर. परवा मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. सासूबाई म्हणत होत्या, "लग्न होऊ दे, मग नोकरी सुटते आपोआप." हे म्हणाले, "नाही म्हणायचंच नाही तिला. रोज कुणीतरी सोडायला जायचं, रोज कुणीतरी आणायला जायचं. थकेल आणि स्वतःच सोडेल." चेतन मोबाइलमधून डोकं वर न काढता "ठीक है" म्हणाला. इतकं प्रेमाने, बिस्किटं खात खात ठरलं. मी कप ठेवले आणि मला एकदम कळलं की माझंही असंच ठरलं असणार. कुणीतरी कप ठेवून गेलं असणार.

ती मुलगी आता माझ्या हत्तीमागून आत येणार. लोक थांबून बघतील असा हत्ती केलाय मी, तुझ्याकडून शिकून. तिला सांगितलं तर आईचं येणं बंद, तुझी पत्रं बंद, आणि भिंत झाल्यावर बाहेर उभं राहायला मला दुसरं निमित्तही नाही. नाही सांगितलं तर ती आत येईल. सांग, काय करू? लवकर लिही.

तोवर एक वासरू काढलंय, हत्तीच्या मागच्या पायाशी, वीतभर, तोंड बाहेर. एवढ्या गर्दीत ते कुणाला दिसलेलं नाही. तरी कुणी थांबलं की मी त्याच्यासमोर आडवी उभी राहते.

ताई


लालबाग
२४ नोव्हेंबर

पुनी,

हे पत्र तुझ्यापर्यंत कसं पोचवायचं ते मला माहीत नाही. तरी लिहितेय, कारण बोलायला दुसरं कुणी नाही.

शनिवारी चेतन प्रियंकाला बाइकवर घेऊन आला. लग्नाआधी मुलीने सासरी येऊ नये, पण तिने हट्ट धरला होता. तिला शाळेतल्या मुलांसाठी भिंतीचे फोटो काढायचे होते. ती आत गेलीच नाही, गल्लीतच उभी राहिली. बारीक, उंच, केसांना पेन्सिल खोचलेली. "दीदी, हा चालतोय!" असं ओरडली. मग हत्तीसमोर स्वतः एक पाय उचलून उभी राहिली आणि तोल कुठे जातो ते बघायला लागली. मला ती फार आवडली. सासूबाई नेहमीप्रमाणे दारात खुर्चीवर.

फोटो काढता काढता ती खाली बसली. "दीदी, ये वासरू उलटं का चाललंय? सब तो अंदर जा रहे हैं."

काही बोलायचं नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं. हात चुकला म्हणायचं, बाबांसारखं हसायचं, आणि विषय संपवायचा. तोंड उघडलंसुद्धा त्यासाठी. मग तुझी ओळ आठवली, तोंडाने सांगितलं असतं तर.

मी म्हटलं, "उलटं नाही, मी मुद्दाम काढलंय. प्रियंका, तुझी नोकरी लग्नानंतर सुटणार आहे. इथे ठरलंय. कुणी नाही म्हणणार नाही, तू थकून स्वतः सोडशील असं करणार आहेत. मला माहीत आहे, कारण मी इथेच राहते."

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. "काय बोलून राहिली वं तू? डोकं फिरलं का?"

प्रियंकाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने चेतनला विचारलं, "ये सच है?"

चेतन बाइकची किल्ली बोटावर फिरवत होता. "अरे, अभी क्यों ये सब... बाद में देखेंगे ना."

"बाद में मतलब कब?"

त्याने किल्ली बाइकला लावली. खोटं बोलला असता तर कदाचित तिने मानलंही असतं. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला, माझा रंगाने बरबटलेला हात धरून दाबला आणि कोपऱ्यावरून रिक्षा करून गेली. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. लग्न तूर्त थांबवलंय, मंगळवारी मंडळी बोलायला येणार आहेत.

सासूबाईंनी जे म्हणायचं ते सगळं म्हटलं. बहिणीवर गेली, बापावर गेली, वांझोट्या मनाची. ते मी सोसलं. यांनी मात्र आवाज चढवला नाही. जेवण झाल्यावर सुपारी कातरत म्हणाले, "मंगळवारी मंडळी यायच्या आत ते वासरू पुसून टाक. मग आत ये आणि आतच राहा, बस झालं बाहेरचं काम. आणि आईंना सांग, डोळ्यांसाठी इंदूरला चांगले डॉक्टर आहेत. इथे येत जाऊ नका म्हणावं, उगाच त्रास." मग माझ्याकडे बघून हसले. "शेवया छान असतात त्यांच्या."

म्हणजे सगळं माहीत होतं, पुनी. पहिल्यापासून! पत्रं वाचली की नुसती पाहिली, ते मला कळायला मार्ग नाही. त्यांनी मला तेवढी दोरी सैल सोडली होती आणि मी तिला चोरून मिळवलेली मोकळीक समजत होते. कडी असती तर निदान ती हाताला लागली असती.

तुझं उत्तर आईच्या घरी येऊन पडलं असेल. ते आता मला कधी मिळणार? काय लिहिलं असशील? सांग म्हणाली असशील की गप्प बस म्हणाली असशील? मी सांगून बसलेय. पोरीला सांगितलं याचा पस्तावा नाही, पण भीती फार वाटते. उद्या वासरू पुसायचं आहे. उद्या शेवटचं बाहेर.

ताई


गाडीत, भुसावळच्या अलीकडे
२५ नोव्हेंबर, दुपार

पुनी,

अक्षर हलतंय, सांभाळून वाच.

सकाळी रंगाचा डबा, ब्रश आणि फडक्यांची पिशवी घेऊन बाहेर आले. कालचं पत्र पिशवीत, फडक्यांखाली. घरात ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून घेतलं. बाकी मनात काही नव्हतं, आईशपथ. हे बाहेरच्या खोलीत मंडळींच्या सरबराईचं बघत होते. सासूबाई दारात, खुर्चीवर.

वासरावर भिंतीचा पिवळा रंग फिरवला. आधी पाय गेले, मग पोट, मग तोंड. वाईट वाटलं, पण हात थांबवला नाही. रंग वाळला आणि खालून गेरू पुन्हा दिसायला लागला. दुसरा हात दिला.

सासूबाई म्हणाल्या, "खूण राहायला नको. नेपानगरवाले बघतील. मागे होऊन बघ, दिसते का?"

मी मागे सरले. "दिसतंय."

"अजून मागे हो. आता?"

"दिसतंय अजून."

"आता वं?"

मी गिरणीपर्यंत आले होते. इथून सगळी भिंत एकदम दिसत होती. पुनी, तिथून मी माझा हत्ती पहिल्यांदा नीट पाहिला. घंटा मागे, झूल मागे, पाय उचललेला, समोर मोकळी जागा. चालत होता तो. सरळ त्या दारात चालला होता, आणि दारात सासूबाई कपाळावर हात धरून माझ्याकडे बघत होत्या. वासराचं नावनिशाण राहिलं नव्हतं.

"दिसतंय का?" त्या ओरडल्या.

मी ओरडून म्हटलं, "दिसतंय!" आणि आणखी मागे सरले.

गिरणीवरच्या बायका बाजूला झाल्या. त्यांना वाटलं, पेंटर काम बघतेय. एक म्हणाली, "वहिनी, मागे टेम्पो आहे, देख के." मी टेम्पोला वाट दिली आणि पुन्हा मागे. सासूबाई हात हलवत होत्या, आवाज येत नव्हता. त्यांनी आत वळून कुणाला तरी हाक मारली. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, भिंत एवढीशी झाली. मग मी पाठ फिरवली.

पळाले नाही. पळणारी बाई सगळ्यांच्या लक्षात येते. खांद्याला पिशवी, ब्रश हातात तसाच, अशी चालले. वाटेत कुणी विचारलं नाही. भाऊबीजेला आईने हातावर ठेवलेले पैसे पदराच्या गाठीत होते, त्यात तिकीट निघालं. मोबाइल घरी ओट्यावर राहिला. प्लॅटफॉर्मवर चांदनीच्या बाजूची गाडी आधी लागली होती. दारापर्यंत गेले आणि थांबले. माहेरी ते सगळ्यात आधी शोधतील, आणि आईच्या डोळ्यांदेखत मला परत नेतील. ती गाडी जाऊ दिली आणि नाशिककडच्या गाडीची वाट बघितली. तेवढ्या वेळात जिन्याकडे इतक्यांदा बघितलं की मान दुखतेय.

शेजारची म्हातारी विचारतेय, "बाई, कोणाच्या घरी रंगकाम करता?" मी सांगितलं, सासरचं काम होतं, संपलं.

प्रियंकाचं काय होईल, माहीत नाही. ती विचारायला तरी शिकलेली आहे. माझं काय होईल तेही माहीत नाही. तू मला घरात घेशील का? आपण भांडू, ते नक्की. मी तुला केवढं बोलले आहे, आणि सगळं काही खोटं नव्हतं. पण पट्ट्यांत रंग भरायला तुला कुणी लागत असेल तर मी चांगलं भरते, बाबा म्हणायचे.

तू विचारलं होतंस, शेवटची कधी चाललीस, कुणी सोबत नसताना. त्याचं उत्तर राहिलं होतं. आज. दाराच्या उंबऱ्यापासून लालबागच्या स्टेशनपर्यंत. अर्धी वाट उलटी, अर्धी सरळ. तळपाय दुखतायत.

ही दोन्ही पत्रं टपालात टाकत नाही. हातातच आणतेय.

ताई